पहिला हंगाम सरला, आता वही काढा

ताई, चार ओळी भेंडी केवडा रोगानं पिवळी पडली म्हणून हात आखडून बसू नका. आधी वहीत लिहा: बी कधी टाकलं, उगवलं किती, पाऊस कधी उघडला. माझ्या वहीत यंदाही तीन आठवड्यांची उघडीप आहे. दोडक्याची फुलं गळाली, गवारीनं मात्र तग धरला. आपल्या परभणीकडं अशी उघडीप चुकत नाही, तेव्हा पुढच्या खेपेला गवार-चवळी वाढवा.

केवडा पसरवते पांढरी माशी. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, पान उलटं करून बघायचं. रोगट झाड मुळासकट उपटायचं. पहिल्या वर्षी माझा जीव झाला नाही आणि बघता बघता अख्खी ओळ गेली, ते अजून सलतं. बी घेताना परभणी क्रांती विचारा. केवड्याला तोंड द्यावं म्हणूनच आपल्या कृषी विद्यापीठानं काढलेलं वाण आहे ते. शिवाय लिंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम लिंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, संध्याकाळी फवारायचा.

काळ्या मातीत रोज पाणी नको. मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला तर राहू द्या. मिरची तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यानं लवकर मरते. आळ्यात सोयाबीनचं भुस्कट पसरा, भेगा पडायच्या थांबतात.

आता मेथी टाका, फार दाट नको. आणि एक चांगला दोडका वेलीवरच वाळू द्या. जूनला बी कमी पडलं तर माझ्याकडचं न्या.