तोलामोलाची जोड

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, घेऊ का ही फाइट?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुला विचारायचं वेगळंच होतं. बॉक्सिंगच्या सहापैकी सहा फाइट तू जिंकलास, समोरचा पोरगा सातपैकी सात. त्या रात्री दोघांपैकी एकाचं शून्य, म्हणजे एकही हार नसल्याचा आकडा, जाणार. ते तुझं गेलं तर पुढे काय, ही तुझी खरी भीती आहे.

घे ती फाइट. का ते सांगतो.

तुझे सगळे बाउट मी रिंगच्या कॉर्नरमधून पाहिलेत. तुझ्यासमोरच्या चौघांचा दम दुसऱ्या राउंडलाच संपला होता. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून हात परत घेताना तुझी डावी मूठ हनुवटीशी न येता छातीशी येते. पॅडवर मी रोज ओरडतो, तू "हो सर" म्हणतोस आणि पुढच्या जॅबला पुन्हा तेच. कारण त्या फटीतून आजवर कुणी उजवा ठोसा आणलाच नाही. हा पोरगा आणेल. त्याचे दोन बाउट मी मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिले. समोरच्याचा हात परत निघाला की त्याचा उजवा सुटतो. म्हणजे माझ्या ओरडण्याने जे झालं नाही, ते तो तुला एका राउंडमध्ये शिकवेल. आणि ते त्या रात्रीच्या आधी शिकलास, तर फाइट तुझी.

तुझे आजोबा तालमीतले. जत्रेच्या मैदानात जोड कशी लावतात ते त्यांना विचार. एकतर्फी जोड दिसली तर गाव तिथल्या तिथे बोंब मारतं. आमच्या धंद्यात उलटं आहे. पोराचं शून्य हीच फाइट भरवणाऱ्या प्रमोटरची पुंजी, म्हणून दोन चांगली पोरं वर्षानुवर्षं एकमेकांसमोर येतच नाहीत. तुला अशी जोड सहाव्या बाउटनंतरच मिळतेय, हे मी तुझं भाग्य समजतो.

लंडनचे बॉक्सर जॉर्ज ग्रोव्हज आणि जेम्स डिगेल एकाच क्लबातले, डेल यूथचे. हौशी असताना ग्रोव्हजने डिगेलला हरवलं होतं. पण २००८ला बीजिंगहून सुवर्ण आणलं डिगेलने, ज्या ७५ किलोत आपल्या विजेंदर सिंगला कांस्य मिळालं त्याच गटात. व्यावसायिक झाल्यावर २१ मे २०११ला लंडनच्या ओटू अरीनात दोघं समोरासमोर आले, तेव्हा ग्रोव्हज १२ बाउट जिंकलेला, डिगेल १०. वय २३ आणि २५. ग्रोव्हज मागे सरत, बाजूला होत खेळला, डिगेलला एका जागी पाय रोवू दिले नाहीत. दोन पंचांनी ११५-११४ असं ग्रोव्हजला दिलं, तिसऱ्याने ११५-११५ बरोबरी. एका गुणाने शून्य गेलं! पण हरलेला डिगेल २०१५ला जगज्जेता झाला, ऑलिम्पिक सुवर्ण आणि व्यावसायिक जागतिक किताब दोन्ही मिळवणारा पहिला ब्रिटिश. जिंकलेल्या ग्रोव्हजला त्यासाठी २०१७ उजाडलं, तेही चौथ्या प्रयत्नात. हरलेला आधी पोचला, हे तुझ्या आईलाही सांग. रेकॉर्डची काळजी तिला तुझ्याहून जास्त आहे.

विजेंदरचंही बघ. ५ ऑगस्ट २०१७ला वरळीच्या डोममध्ये तो आणि चीनचा झुल्पिकार मैमैतिअली, दोघंही अपराजित. विजेंदर जिंकला, पण दोन पंचांच्या कागदावर फरक एकेका गुणाचाच होता. मग मार्च २०२१मध्ये पणजीला कसिनोच्या जहाजावर रशियाच्या लोपसानने त्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. तोवर सलग १२ जिंकलेला माणूस. शून्य असं कधीतरी जातंच, मग ते तोलामोलाच्या पोरासमोर पणाला लागलेलं मला आवडेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इंग्लंडचा हेवीवेट डॅनियल दुब्वा, हे नाव लक्षात ठेव. २१व्या वर्षी त्याने नेथन गॉर्मनला, तोही अपराजित, पाचव्या राउंडमध्ये झोपवलं. सगळे डोक्यावर घेऊन नाचले. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये अपराजित जो जॉइसने जॅब मारून मारून त्याचा डावा डोळा मिटवला. दहाव्या राउंडमध्ये दुब्वा गुडघ्यावर बसला आणि दहा मोजेपर्यंत उठला नाही. लोकांनी त्याला पळपुटा म्हटलं. नंतर कळलं, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. सप्टेंबर २०२४ला लंडनच्या वेम्बलीत त्याच दुब्वाने माजी जगज्जेत्या अँथनी जोशुआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं. तो डोळा गेला असता तर ती रात्र त्याला दिसली नसती.

हे मी का लिहितोय? बारा वर्षांपूर्वी एका पोराला मी "अजून एक राउंड काढ" म्हणालो. स्टुलावर बसल्यावर तो माझ्याकडे न बघता बादलीकडे बघत होता. मला ते दिसलं होतं. तरी म्हणालो. तो आज धडधाकट आहे, दोन मुलांचा बाप आहे, पण त्याच्या त्या नजरेने मला अजून जाग येते. तेव्हापासून टॉवेल, जो रिंगमध्ये टाकला की फाइट थांबते, माझ्या खांद्यावर असतो, बादलीवर नाही.

तेव्हा माझ्या अटी. वजन तुझंच, त्यांच्यासाठी दोन किलो उतरवायचं नाही, कारण सुकलेल्या अंगाने मार झेपत नाही. तयारीला आठ आठवडे पूर्ण. रिंग किती फुटांची ते आधी विचार, तुला पाय हलवायला जागा लागते. डॉक्टर आणि अँब्युलन्स दाराशी उभी असल्याशिवाय मी तुझ्या हाताला पट्टी बांधणार नाही. आणि मी टॉवेल टाकला तर रिंगमध्ये माझ्याशी वाद घालायचा नाही. घरी येऊन हवा तेवढा घाल.

करारावर सही करू नकोस, तो तसाच घेऊन गुरुवारी सकाळी सहाला ये. आधी कागद वाचू. मग तुझ्या डाव्या हाताला हनुवटीपासून दोरी बांधतो आणि तीन राउंड नुसता जॅब.

तुझा,
सर