बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स पाठ झालेत. साठच्या दशकातला, मागे राहून गेलेला एखादा ब्रिटिश रॉक बँड सुचवाल का?

द प्रिटी थिंग्ज. आणि त्यांचं बाकी काही नाही ऐकलंत तरी १९६८चा 'एस. एफ. सॉरो' हा अल्बम ऐकाच.

तुम्ही स्टोन्स ऐकता म्हणून सांगतो, यांचा गिटारिस्ट डिक टेलर अगदी सुरुवातीला स्टोन्समध्येच बास वाजवायचा. तिथून बाहेर पडून त्याने १९६३मध्ये गायक फिल मेबरोबर हा बँड काढला. तेव्हाचं त्यांचं संगीत म्हणजे खरखरीत, अंगावर येणारं रिदम अँड ब्लूज. १९६४मध्ये त्यांचं 'डोन्ट ब्रिंग मी डाउन' ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. गायक डेव्हिड बोवीने 'पिन अप्स' या अल्बममध्ये यांची दोन गाणी गायली आहेत. मला बँडचं नाव तिथूनच कळलं.

१९६७च्या अखेरीस हीच मंडळी ॲबी रोड स्टुडिओत शिरली. निर्माता होता नॉर्मन स्मिथ. १९६५पर्यंत बीटल्सचं ध्वनिमुद्रण त्यानेच केलं होतं आणि पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बमही त्याचाच. अशा माणसाच्या हाताखाली त्यांनी सॉरो नावाच्या एका माणसाची जन्मापासून एकाकी म्हातारपणापर्यंतची गोष्ट रचली. 'प्रायव्हेट सॉरो'मध्ये तो युद्धावर जातो. गाणं कवायतीच्या ठेक्यावर, जवळजवळ आनंदात चाललेलं असतं, आणि त्याच ठेक्यावर एक कोरडा आवाज सैनिकांची नावं वाचू लागतो. मला आजही तिथे गलबलून येतं. पुढे 'बलून बर्निंग'मध्ये त्याची प्रेयसी ज्या एअरशिपमधून (फुग्यासारख्या हवाई जहाजातून) येत असते, ते पेट घेतं. तिथे गिटारची एकच धून पिसाटासारखी फिरत राहते, श्वास घ्यायला जागाच देत नाही. आणि शेवटच्या 'लोनलिएस्ट पर्सन'मध्ये हा सगळा पसारा आवरलेला, साधी गिटार आणि गळा.

मग हा अल्बम का चालला नाही? अल्बम आला डिसेंबर १९६८मध्ये. बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' नुकताच आलेला, स्टोन्सचा 'बेगर्स बँक्वेट' त्याच महिन्यात. अमेरिकेत तर तो निघाला १९६९मध्ये, 'द हू' या बँडच्या, अशीच एक सलग गोष्ट सांगणाऱ्या 'टॉमी' या अल्बमनंतर, त्यामुळे आधी केलेलं काम तिथे नक्कल ठरलं. हा अन्याय मला खरंच सलतो. पण 'पहिला रॉक ऑपेरा (म्हणजे गाण्यांतून सलग गोष्ट सांगणारा अल्बम) कोणाचा' या वादापायी हा अल्बम ऐकू नका. त्या वादात गाणी मागे पडतात, आणि गाणी फार मोठी आहेत.

एक करा: गोष्टीचे दुवे गाण्यांत नाहीत, मूळ कव्हरवर गाण्यांच्या अधेमधे गद्यात छापलेले आहेत. ते शोधून समोर ठेवा आणि गाणी क्रमानेच ऐका. शफल अजिबात नको. आवडलं तर १९६७चं 'डिफेक्टिंग ग्रे' हे सिंगल घ्या, आणि मग 'इलेक्ट्रिक बनाना' या नावाने यांनीच चित्रपटांत वापरण्यासाठी करून दिलेली ध्वनिमुद्रणं. त्यांतही काही गाणी अस्सल आहेत.