गोष्ट कुठे घडते, ते आधी ठरव

प्रिय मुली,

तुझी पटकथा वाचली. सोबतचा तक्ताही पाहिला. तक्त्यावर आधी बोलतो, कारण त्याचाच मला जास्त राग आलाय.

सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले सिनेमे तू एकाखाली एक मांडलेस. विषय, लांबी, नायक की नायिका, शेवट सुखाचा की दुःखाचा, असे रकाने आखलेस. त्यातून निष्कर्ष काय काढलास, तर दिल्लीतल्या ज्यूरीत मल्याळम न कळणारी माणसं असतात, बोली सबटायटलमध्ये उतरत नाही, म्हणून गावाला नाव नको, बोली नको, ‘केरळमधलं एक छोटं गाव’ एवढं पुरे. तुझ्यासारख्या मुलीने हे लिहावं? तुझी आजी पालक्काडकडच्या चिट्टूरची आहे. मग गोष्ट ‘एका छोट्या गावात’ का घडते?

तक्ताही अर्धवट आहे. तू फक्त भाषेच्या पारितोषिकाची यादी घेतलीस. एखादा मल्याळम सिनेमा देशातला सर्वोत्कृष्ट ठरून सुवर्णकमळ घेऊन जातो, तेव्हा भाषेचं रजतकमळ दुसऱ्याच मल्याळम सिनेमाला मिळतं. २०१० साली ‘आदामिंटे मकन अबू’ने सुवर्णकमळ नेलं आणि भाषेचं पारितोषिक ‘वीट्टिलेक्कुळ्ळ वळी’ला गेलं. २०२२ साली ‘आट्टम’ वर आणि ‘सौदी वेळ्ळक्का’ भाषेच्या यादीत. म्हणजे तुझ्या तक्त्यात ‘चेम्मीन’ नाही, ‘स्वयंवरम’ नाही, ‘निर्माल्यम’ नाही, ‘पिरवी’ नाही. मल्याळम सिनेमातले थोरलेच वगळून तू सूत्र शोधत होतीस.

आणि रकाने आखायचेच होते, तर एक रकाना राहिला: कुठे? तो भरून बघ.

‘उळ्ळोळुक्कु’ घे, २०२३ साठी ज्याला भाषेचं पारितोषिक मिळालं तो. कुट्टनाड. समुद्रसपाटीखालची भातशेती, पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी. घरातला मुलगा वारतो आणि त्याला पुरायला कोरडी जमीन नाही. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. सासू आणि सून एका घरात, घरात मृतदेह, आणि त्या थांबण्यात एकेक झाकलेली गोष्ट उघडी पडत जाते. आता हीच गोष्ट इडुक्कीच्या डोंगरात नेऊन बघ. दुसऱ्या दिवशी दफन होईल, पाहुणे आपापल्या घरी जातील, सिनेमा संपेल. त्या दोघींना समोरासमोर बसवलंय ते पाण्याने. पटकथेचं निम्मं काम कुट्टनाडने केलंय. तू तुझ्या पटकथेतून हेच काम करणारं गाव हाकलून दिलंस.

सबटायटलचं म्हणशील, तर तुझ्या तक्त्यातलाच ‘तिंगळाळ्च निश्चयम’ उत्तर केरळातल्या कान्हंगाडच्या बोलीत आहे. साखरपुड्याचं एक घर, तिथलेच चेहरे, तिथलंच भांडण. ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’त मलप्पुरमच्या घरात पडून असलेल्या फुटबॉलपटूला त्या घरातल्या आईची भाषा कळत नाही, तिला त्याची कळत नाही, आणि तरी त्यांचं जमतं. ते जमतं हाच तर सिनेमा आहे. प्रवेशिकेला इंग्रजी सबटायटल लागतं, मान्य. पण ज्यूरीतला माणूस ओळी वाचताना कानांनी ऐकतही असतो. तोंडातून येणारा हेल खरा आहे की पुसलेला, हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं. मी पुण्यात फिल्म सोसायटीत आयुष्य घालवलंय. मल्याळमचा एक शब्द न येणाऱ्या माणसांनी भरलेल्या सभागृहात ‘पिरवी’ दाखवला आहे. मुलाची वाट पाहत रोज होडीने पलीकडे जाऊन बसची वाट बघणारा तो म्हातारा कुणाला कळला नाही असं झालं नाही. ‘पिरवी’चे दिग्दर्शक शाजी करुण इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. ‘स्वयंवरम’चे अडूर गोपालकृष्णनही इथलेच विद्यार्थी. दोघे पुण्यात शिकले आणि सिनेमे करायला केरळात गेले.

तू पत्रात लिहिलंस की तू पिंपरीत वाढलीस, तुझं मल्याळम घरगुती आहे, तुला हक्क आहे का. ही शंका मला आवडली, पण तिचं उत्तर गाव पुसून टाकणं नाही. ‘चेम्मीन’चं संगीत सलील चौधरींचं, त्यातलं गाणं मन्ना डेंनी गायलेलं, संकलन हृषीकेश मुखर्जींचं. ही सगळी बाहेरची माणसं कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेली. किनारा उचलून मुंबईला आणला नाही. १९६५ सालचं राष्ट्रपती सुवर्णपदक दक्षिणेत पहिल्यांदा गेलं ते त्या सिनेमाने. बाहेरून आलीस तर जास्त बारकाईने बघ, एवढंच.

आता तू मला ‘महेशिंटे प्रतिकारम’ दाखवशील, हे मला माहीत आहे. भर रस्त्यात मार खाल्लेला फोटोग्राफर, बदला घेईपर्यंत चप्पल न घालण्याची शपथ. मूळ घटना पटकथाकार श्याम पुष्करनच्या मुलखातली, आलप्पुळा जिल्ह्यातली, आणि सिनेमा घडतो इडुक्कीत. म्हणजे गोष्ट हलवली, तरी पारितोषिक मिळालंच. बरोबर. पण हलवून ती कुठे नेली ते बघ. इडुक्कीत नेली आणि तिथेच रुजवली. तिथला चढउतार, तिथला चौक, तिथला फोटो स्टुडिओ. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर. तू पत्ताच खोडलास.

हा फरक मला इतका का टोचतो ते सांगतो. मी एक सिनेमा लिहिला होता. भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की त्यात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, त्या दिवसांतली गोष्ट. एका निर्मात्याला आवडली. तो म्हणाला, वाईला करू, घाट आहे, वाडे आहेत, युनिटच्या जेवणाची सोय आहे, धरणाचं काय ते संवादात सांगून टाकू. मी नाही म्हणालो. सिनेमा झाला नाही. पुढे कधीच झाला नाही. घरचे अजून म्हणतात, थोडं ऐकलं असतंस तर तुझ्या नावावर एक सिनेमा असता. असता. त्याची हळहळ मला आहे, खूप आहे, विशेषतः ज्या बाईंना डोळ्यासमोर ठेवून आईचं काम लिहिलं होतं त्या गेल्या तेव्हापासून. पण मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. मला तो दुसरं गाव देत नव्हता, सोयीची जागा देत होता. सोयीच्या जागेत त्या बाईला चिखलातून देवळापर्यंत चालता आलं नसतं, आणि ते चालणं नसेल तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

तुझ्या पटकथेतलं घर म्हणून तुझ्या मित्राने ओट्टप्पालमजवळची वरिक्काशेरी मना, म्हणजे तिथला जुना मोठा वाडा, सुचवली आहे. देखणी वास्तू, वाद नाही. पण इतक्या सिनेमांत ती थोरामोठ्यांचं घर झाली आहे की प्रेक्षक आत शिरण्याआधीच तिला ओळखतो. तुझी आजी तिथे राहत नाही. ती राहते दोन खोल्यांच्या, पुढे पडवी असलेल्या घरात.

गेल्या दिवाळीत माझ्याकडे बसून तू काय सांगितलंस आठवतं? डिसेंबर-जानेवारीत पालक्काडच्या खिंडीतून पूर्वेचा वारा सुटतो. अम्मम्मा, म्हणजे तुझी आजी, अंगणात कोंडाट्टमचं वाळवण घालते, त्यावर जुनं मुंडू, म्हणजे नेसायचं पांढरं वस्त्र, पसरते आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते. मामा घराच्या विक्रीचे कागद घेऊन आला तेव्हा तिने त्याला आधी एक दगड आणायला सांगितलं, कारण एक कोपरा उडत होता. तो तमिळमिश्रित मल्याळममध्ये कुरकुरत दगड आणायला गेला, आणि ती मुंडू धरून वाऱ्यात बसून राहिली. हे तू सांगितलंस तेव्हा तुझा हातही कोपरा धरल्यासारखा झाला होता. पटकथेत त्या जागी काय आहे? ‘मामा येतो. चहा होतो. कागदांवर चर्चा.’ अगं, वारा कुठे गेला? वाळवण कुठे गेलं? ‘छोट्या गावात’ वारा सुटत नाही, म्हणून गेलं. चिट्टूर लिही, आपोआप परत येईल.

रजतकमळ वाईट नाही. निर्माता-दिग्दर्शक दोघांनाही मिळतं, आता प्रत्येकी २ लाख रुपयेही मिळतात, आणि तुझ्यासारख्या मुलीला पुढचा सिनेमा उभा करायला त्या शिक्क्याचा खरा उपयोग होतो. मिळालं तर मी पेढे वाटीन. पण प्रवेशिका भरायची ती सिनेमा झाल्यावर, सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात आल्यावर. लिहिताना तो फॉर्म टेबलावर ठेवू नकोस.

नवा मसुदा मला इतक्यात पाठवू नकोस, वाचणार नाही. जानेवारीत जा. पुण्याहून कन्याकुमारी एक्स्प्रेस पालक्काडला जाते. तिकिटाची अडचण असेल तर सरळ सांग, मी काढून देतो, संकोच करायचा नाही. आजीकडे राहा, वाळवण घालायला मदत कर, मामाचं बोलणं जसंच्या तसं लिहून घे, तमिळ शब्दांसकट. विक्रीचे कागद कुठल्या कचेरीत नोंदवले, तिथपर्यंत कुठली बस जाते, आजी त्या बसमध्ये कुठे बसली, हे विचार. तुझ्या मित्राला सांग, लोकेशन बघायला यायचं असेल तर चिट्टूरला ये.

तुझा,
काका