घर घेताय? आधी मोजणी की आधी व्यवहार? तुमचे प्रश्न

प्रश्न: साताऱ्याजवळ ४ गुंठ्यांच्या एनए प्लॉटवरचा बंगला घेतोय. सातबारा क्लिअर आहे, चारी बाजूंनी कंपाउंड आहे, एजंट म्हणतो मोजणीची काही गरज नाही. खरंच नाही का?

सरकारी मोजणीची गरज आहे, आणि टोकनच्या वर पैसे देण्याआधीच आहे. सातबारा तुम्हाला सांगतो की जमीन कोणाच्या नावावर आणि किती, पण ती जागेवर नेमकी कुठून कुठपर्यंत हे सातबारा सांगत नाही. खरेदीखतातल्या चतुःसीमा पण "पूर्वेस अमुक यांची मिळकत" एवढंच म्हणतात. आणि कंपाउंड काय, गवंड्याला जिथे दोरी लावून दिली तिथे त्याने बांधलं! आता हिशोब करा, ४ गुंठे म्हणजे ४३५६ स्क्वेअर फूट, चौरस प्लॉट धरला तर ६६ बाय ६६. एका बाजूची भिंत फक्त ३ फूट आत असेल तर १९८ फूट जागा शेजाऱ्याकडे गेली, २००० रुपये फुटाचा भाव धरला तरी जवळपास ४ लाख. आणि भिंत ३ फूट बाहेर असेल तर उद्या शेजारी मोजणी आणेल आणि ती तुम्हाला पाडावी लागेल, तेव्हा विकणारा फोन उचलणार नाही.

"हद्द कायम" मोजणी मागा, म्हणजे नकाशाप्रमाणे जागेवर हद्दीच्या खुणा दाखवून देणारी. अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जातो, ई-मोजणी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन पण होतो, पण अर्जदार जमिनीचा धारक लागतो, म्हणजे तुमच्या नावाने नाही तर विकणाऱ्याच्या नावाने. फी तुम्ही भरा हवं तर. डिसेंबर २०२४ पासूनच्या दराने ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत साधी मोजणी २००० आणि द्रुतगती ८००० रुपये, शहरी हद्दीत १ हेक्टरपर्यंत ३००० आणि १२०००. घराच्या किमतीपुढे हे काहीच नाही हो. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर रहा, खुणा दाखवल्या की लगेच फोटो काढा आणि "क" प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. साठेखतात, म्हणजे खरेदीखताच्या आधीच्या करारात, सरळ लिहून घ्या की मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर किंमत त्या प्रमाणात कमी होईल किंवा इसार परत मिळेल. विकणारा मोजणीलाच नाही म्हणत असेल तर मी तो व्यवहार सोडून देईन.

प्रश्न: कोकणात जुनं कौलारू घर आणि भोवतीची ५ गुंठे वाडी घेतोय. सातबाऱ्यावर सहा नावं आहेत, विकणारा एकच. मोजणी करून आमचा भाग ठरवून घेता येईल का?

इथे मोजणीच्या आधी अडचण आहे. सामाईक सातबाऱ्यावर पोटहिस्सा, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा नोंदलेला भाग, पडलेलाच नसेल तर मोजणीदार अख्ख्या नंबरची बाहेरची हद्द दाखवेल, आतला कुठला तुकडा विकणाऱ्याचा हे तो सांगू शकत नाही कारण कागदावर तो तुकडाच नाही. "आमची वहिवाट इथपर्यंत आहे" हे विकणारा कितीही मनापासून सांगू दे, मुंबईतला चुलत भाऊ उद्या येऊन नाही म्हणू शकतो. आधी सगळ्यांच्या संमतीने वाटप, मग पोटहिस्सा मोजणी, मग वेगळा सातबारा. नाहीतर सहाही जणांनी खरेदीखतावर सह्या करायच्या. आणि ५ गुंठ्यांचा तुकडा वेगळा पाडायचा म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला बंदी घालणारा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो, ते पण आधीच वकिलाकडून बघून घ्या.

प्रश्न: पुण्यात फ्लॅट घेतोय, मोजणी लागेल का?

तुमच्या एकट्याच्या फ्लॅटसाठी नाही. कार्पेट एरिया टेप लावून करारनाम्याशी जुळवा, आणि रिसेल असेल तर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालंय का ते प्रॉपर्टी कार्डावर बघा.

प्रश्न: शेजारी म्हणतो मी मोजणीला येणार नाही आणि सही पण करणार नाही. मग मोजणी होणार कशी?

होते. लगतच्या धारकांना नोटीस जाते, ती रीतसर पोचली असेल तर तो आला नाही म्हणून मोजणी अडत नाही, त्याच्या सहीवर तुमची हद्द अवलंबून नाही. निकाल मान्य नसेल तर त्याने फी भरून निमताना मोजणी मागावी, तिथे वरचा अधिकारी पुन्हा तपासतो. फक्त एक करा, खरेदीच्या आधी स्वतः त्याच्या घरी जाऊन बोला. त्याचं म्हणणं काय, जुना वाद आहे का, हे एका भेटीत कळतं आणि वाद कोर्टात असेल तर तो निकाली निघेपर्यंत इसार देऊ नका.