रोप एवढंसं, कुंडी केवढी!

टोमॅटोचं चार पानांचं रोप थेट १२ इंची कुंडीत लावू नका. एवढ्याशा मुळांना तेवढं पाणी ओढता येत नाही, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. आधी ४ इंची कुंडी पुरे. तळाला भोकं हवीतच. त्यांवर खडीचा थर मात्र नको. निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. (मीही कित्येक वर्षं इमानेइतबारे खडी घालायचो!) भोकांतून पांढरी मुळं डोकावली की मोठ्या कुंडीत हलवा, तेही ऊन उतरल्यावर. कोवळं रोप पानाला धरून उचला. पान तुटलं तर नवं येतं, खोड चिरडलं तर रोपच गेलं. आणि टोमॅटो खुशाल खालच्या पानांपर्यंत पुरा, मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात.