इटलीतलं प्रोश्युत्तो, म्हणजे मीठ लावून वाळवलेली डुकराची तंगडी, न शिजवता खातात म्हणे. म्हणजे ते कच्चं मांसच झालं ना? पोट बिघडत नाही का?

शिजवलेलं नसतं हे खरं, पण ताज्या कच्च्या मांसासारखंही ते राहिलेलं नसतं. पार्मा या इटालियन शहराच्या भागातलं प्रोश्युत्तोच घ्या. त्यात डुकराची मागची तंगडी आणि मीठ, एवढंच. मांस टिकवायला एरवी वापरतात ते नायट्राइट हे रसायनसुद्धा चालत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तंगडी मीठ लावून थंडीत ठेवतात. मीठ आत मुरतं, पाणी बाहेर येतं आणि जंतूंना वाढायला लागणारा ओलावाच उरत नाही. मग धुऊन, वाळवून ती महिनोन्‌महिने टांगून ठेवायची. मधे उघड्या भागावर चरबी आणि तांदळाच्या पिठाचा लेप देतात, म्हणजे वरचा थर कडक होत नाही. एकूण वर्षाहून जास्त काळ जातो. शेवटी पारखी माणूस घोड्याच्या हाडाची सुई खुपसून नुसता वास घेतो! पास झालं तरच अस्सलपणाची खूण म्हणून पाच टोकांच्या मुकुटाचा शिक्का डागून मिळतो.

इटलीतल्या अशा मांसाचे सगळेच प्रकार मात्र न शिजवता खायचे नसतात. बोलोन्या शहराचा मोर्तादेल्ला, म्हणजे बारीक वाटलेल्या डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज, शिजवलेलाच असतो. पांचेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं खारवलेलं मांस, बहुतेकदा परतून पदार्थात घालतात. डुक्कर खात नसाल तर वाल्तेल्लिना खोऱ्यातला ब्रेझाओला हा खारवून वाळवलेल्या मांसाचा प्रकार डुकराचा नसतो, पण तो सहसा गोमांसाचा असतो, तेव्हा विचारून घ्या.

गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टर असे न शिजवलेले प्रकार टाळायलाच सांगतात. बाकीच्यांनी कागदासारखे पातळ काप खरबुजाबरोबर खाऊन बघावेत. जाड तुकडा चावत बसण्यात काही मजा नाही.