मेंदूतील चिप, नोंदणी शुल्क आणि पत्नीची सही

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात माझ्या पतींच्या मानेच्या मणक्याला इजा होऊन हातपाय लुळे पडले, बुद्धी आणि वाचा शाबूत आहे. मेंदूत चिप बसवून मनाने मोबाइल आणि व्हीलचेअर चालवण्याच्या चाचणीत त्यांना घेतो, असे सांगून एका एजंटाने तीन लाख रुपये शुल्क मागितले. पन्नास हजार मी यूपीआयने दिले. आता ‘बरेवाईट झाल्यास दावा करणार नाही’ अशा फॉर्मवर माझी सही हवी आहे. करू का? (एक भगिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, सही करू नका आणि उरलेली रक्कमही देऊ नका.

हे तंत्र थोतांड नाही. एलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या मेंदूत असे यंत्र बसवले आणि तो हात न लावता संगणकाचा कर्सर हलवू लागला; मात्र काही आठवड्यांतच त्यातील बऱ्याच बारीक तारा जागेवरून मागे सरकल्या. असा प्रयोग भारतात करायचा, तर वैद्यकीय उपकरण नियम, 2017 नुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीची मान्यता आणि सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते. तो नोंदणी क्रमांक एजंटाकडे लेखी मागा. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. शिवाय संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकू नये, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे शुल्काची मागणी हेच मला सर्वांत संशयास्पद वाटते.

आता सहीचे. पती स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना त्यांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार पत्नीलाही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 6 प्रमाणे, त्यांना समजेल अशा रीतीने माहिती देऊन घेतलेली त्यांचीच मुक्त संमती हवी, आणि त्याआधी राज्य शासनाच्या अशा समितीची परवानगी हवी, जिच्यात निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असतील. एजंटाने या समितीचे नावही काढलेले दिसत नाही! चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी नियमांनीच प्रायोजकावर, म्हणजे चाचणी घडवून आणणाऱ्या कंपनीवर किंवा संस्थेवर, टाकली आहे. छापील फॉर्मवरील एका ओळीने ती टळत नाही.

पुढे खरीखुरी चाचणी समोर आली, तरी कंपनी बंद पडल्यास यंत्राची देखभाल कोण करील आणि ते काढण्याचा खर्च कोण देईल, हे लेखी घ्या. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने अंधांसाठीच्या दृष्टियंत्राचे उत्पादन 2019 मध्ये थांबवले, तेव्हा ते डोळ्यांत बसवलेल्या अनेकांना दुरुस्तीसाठी कोणी वाली उरला नाही.

पन्नास हजारांसाठी प्रथम वकिलामार्फत नोटीस पाठवा. दाद न मिळाल्यास आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि या रकमेला तेथे शुल्क नाही. परवानगी बनावट निघाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची फिर्याद द्या. तोवर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि तो कोरा फॉर्म जपून ठेवा.